कोंडलेल्या उन्हाचा बंदोबस्त

तुळजापूरहून निघून लातूर, चाकूर, अहमदपूर अशी गावे घेत लोह्यावरून नांदेडला आणि तेथून पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा जो ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, त्याच्यावरून वैशाखातल्या भर दुपारी जाणारा मनुष्य, मग तो मुहूर्त गाठण्याच्या घाईत असलेला लग्नाचा छायाचित्रकार असो की कंधारचा भुईकोट पाहावयास निघालेला हौशी प्रवासी असो, स्वतःच्या डोक्याला टोपी, मानेला ओले उपरणे आणि हाताशी पाण्याची बाटली या गोष्टींची तजवीज कोणी न सांगता करतो. त्याच मोटारीत मागल्या आसनावर काळ्या पिशवीत पडलेला कॅमेरा, त्याच्या सुट्या बॅटऱ्या, पॉवर बँक, लॅपटॉप आणि पुढे काचेजवळ अडकविलेला मोबाइल, या सरंजामाची किंमत कित्येकदा त्या प्रवासाच्या साऱ्या खर्चाच्या दसपट असते. परंतु त्याच्या उन्हाळ्याची काळजी करण्याचा दस्तूर आपल्याकडे अद्याप पडलेला नाही. माळेगावच्या खंडोबाने आपली जत्रा मार्गशीर्षाच्या थंडीत ठेवून छायाचित्रकारांवर उपकारच केले आहेत. लग्नसराईला मात्र ती दया नाही.

वर्तमानपत्रात आपण नांदेडचे कमाल तापमान ४३ अंश असे वाचतो तेव्हा तो आकडा सावलीतला असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या पेटीत, ऊन लागू नये पण वारा खेळता राहावा अशा बंदोबस्तात ठेवलेल्या तापमापकाने सांगितलेले ते हवेचे तापमान होय. उन्हात पडलेला दगड, डांबराचा रस्ता किंवा मोटारीचा टप यांच्याशी त्याचा संबंध दूरचा. आता यंत्रांच्या निर्मात्यांची बाजू पाहावी, तर बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ते शून्य ते चाळीस अंशांच्या दरम्यान वापरावेत असे छापलेले असते, आणि आयफोनसाठी ॲपल कंपनीने वापराची मर्यादा पस्तीस अंश, तर नुसता ठेवून देण्याची मर्यादा पंचेचाळीस अंश अशी घालून दिलेली आहे. हा हुकूम अक्षरशः पाळावयाचा म्हटल्यास एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेतो लोहा तालुक्यात दुपारी कोणी खिशातून मोबाइलच काढू नये! तसे अर्थातच घडत नाही, आणि घडण्याची आवश्यकताही नाही. कारण त्रेचाळीस अंशांच्या वाहत्या हवेत, सावलीत, थोडा वेळ काम केल्याने चांगला कॅमेरा सहसा बिघडत नाही. तो बिघडतो ते त्याच हवेला आणि त्याच उन्हाला आपण चार भिंतींत कोंडून त्यांच्या स्वाधीन त्याला केले म्हणजे. या लेखाचे सारे म्हणणे एवढ्या एका वाक्यात आहे. उरलेला मजकूर हा त्याचा तपशील समजावा.

त्या पस्तीस अंशांच्या मर्यादेची मात्र एक गंमत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली नेमला गेलेला मेजर रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळला, आणि त्याने घेतलेली लेण्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे स्थापत्याचा इतिहासकार फर्ग्युसन याच्या मजकुरासह १८६४ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने निघाली. त्या काळी सर्वत्र चालू असलेली पद्धत म्हणजे ओल्या कलोडियनची: काचेवर ते द्रावण ओतावयाचे, रौप्यक्षाराच्या पात्रात बुडवावयाचे, आणि ते ओले आहे तोवरच चित्र घेऊन, जवळच्याच काळोख्या तंबूत ती काच धुऊन मोकळे व्हावयाचे. कलोडियनचा एक मुख्य घटक ईथर, आणि शुद्ध ईथर उकळते ते ३४.६ अंशांस. म्हणजे मराठवाड्यातील वैशाखाची हवा ज्याला उकळावयास पुरेशी आहे अशा द्रव्यावर त्या काळची छायाचित्रणकला उभी होती, आणि दीड शतकानंतर निघालेल्या मोबाइलची मर्यादा त्या उकळबिंदूपासून जेमतेम अर्ध्या अंशावर येऊन थांबली! पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या, त्यामुळे तंबू वाहण्याची यातायात संपली. निजामाच्या ज्या मुलखात १९४८ पर्यंत लोहा मोडत होते, त्या मुलखाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांची तेथील कारकीर्द याच नव्या काचांच्या अमदानीतली. परंतु जिलेटिनची तक्रार वेगळी होती. कोमट पाण्यात ते फुगे, मऊ होई आणि कडेने सुटून त्याला झालरीसारख्या चुण्या पडत. त्यावर उष्ण प्रदेशांतील छायाचित्रकारांनी शोधलेला उतारा म्हणजे तुरटी, जिने जिलेटिन घट्ट होते, आणि दुसरा म्हणजे हे काम रात्रीच्या गारव्यावर ढकलणे. रसायने गेली, काचा गेल्या, फिल्मही बहुतांशी गेली. तरी यंत्राला गारव्याची वेळ देणे हा उपाय अजून जुना झालेला नाही.

आता मोटारीकडे वळू, कारण खरा गुन्हा तेथे घडतो. मध्यान्ही निरभ्र आकाशाखाली दर चौरस मीटरवर सूर्यापासून सुमारे एक हजार वॉट इतकी ऊर्जा पडते. मोटारीच्या पुढच्या काचेचे क्षेत्रफळ एका चौरस मीटरच्याच आसपास असल्याने, त्या काचेमागे काळा डॅशबोर्ड पसरून गाडी उन्हात उभी करणे म्हणजे बंद खोलीत विजेची इस्त्री चालू ठेवून निघून जाण्यासारखे आहे. प्रकाश काचेतून सहज आत येतो, काळ्या पृष्ठभागावर पडून त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता ज्या अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडू पाहते त्यांना काच वाट देत नाही. शिवाय हवा बंद असल्याने वाऱ्यावर उष्णता उडून जाण्याचा मार्गही खुंटलेला असतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीप्रमाणे बंद गाडीतील हवा तासाभरात सरासरीने बावीस अंशांनी तापते, आणि यातील चार पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होऊन जाते; काचा बोटभर उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. ॲरिझोनात २०१८ साली प्रसिद्ध झालेली मोजणी तर आपल्या उन्हाळ्याशी अधिक जुळणारी आहे: अडतीस अंशांहून उष्ण दिवशी तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांत हवा सरासरी ४७ अंश, आसने ५१, सुकाणूचक्र ५३ आणि डॅशबोर्ड ६९ अंश इतके तापले, सावलीतल्या गाड्यांत हेच आकडे हवेसाठी ३८ आणि डॅशबोर्डसाठी ४८ होते. ढाब्यावर चहा-भजी खाण्यास अर्धा तास लागतो असे धरले, तर तेवढ्या अवधीत होणारे बहुतेक नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून ‘आलोच पाच मिनिटांत’ या वाक्याला उन्हाळ्यात जामीन राहू नये.

या तापाचा पहिला बळी बॅटरी. लिथियमच्या बॅटरीत ग्राफाइटच्या ऋणाग्रावर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर असतो. तो हळूहळू जाड होत जातो आणि जाड होताना उपयोगाचे लिथियम गिळत जातो. उष्णतेने ही क्रिया वेगावते. सामान्यपणे तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा रसायनशास्त्राचा ढोबळ हिशेब आहे. त्यात पुन्हा बॅटरी पूर्ण भरलेली असली तर तिची अंतर्गत अवस्था अधिक अस्वस्थ असते. बॅटऱ्यांच्या जाणकारांत वारंवार दिले जाणारे आकडे असे की, पंचवीस अंशांत चाळीस टक्के भरून वर्षभर ठेवलेली बॅटरी आपल्या क्षमतेचा साधारण पंचविसावा भाग गमावते, आणि चाळीस अंशांत शंभर टक्के भरून ठेवलेली मात्र एक तृतीयांशाहून अधिक गमावून बसते. आपण नेमके उलटे करतो. उद्या लांब जावयाचे म्हणून रात्री सर्व बॅटऱ्या काठोकाठ भरतो आणि सकाळी त्या डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो. आतील विद्युत्-अपघट्य विघटित होऊन वायू सुटू लागला की बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी हा दुरुस्तीचा विषय नव्हे. ती टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्जिंगला लावू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा स्वीकारणाऱ्याच्या हवाली करावी.

चार्जिंगची मर्यादा तर वापराहूनही कडक. या बॅटऱ्या साठ अंशांपर्यंत वीज देण्याचे काम करू शकतात, परंतु भरून घेण्याचे काम पंचेचाळीस अंशांवर करू नयेत असा सर्वमान्य संकेत आहे. याउपर काचेजवळ अडकविलेल्या मोबाइलची कैफियत पाहावी: बाहेरून ऊन, आतून रस्ता दाखविण्यासाठी सतत उजळलेला पडदा आणि उपग्रहांचे संकेत टिपण्याचे अखंड काम, आणि खालून चार्जर, अशा तिहेरी माऱ्यात तो सापडतो. मग पडदा मंद होतो, चार्जिंग थांबते आणि शेवटी यंत्र गार होईपर्यंत वापरू नका अशी सूचना येते. याला पुष्कळजण बिघाड म्हणतात. वस्तुतः तो यंत्राने स्वतःच्या रक्षणासाठी उभारलेला कडेकोट पहारा आहे. अशा वेळी मोबाइल वातानुकूलित हवेच्या झरोक्यासमोर, चार्जर काढून, कव्हर उतरवून ठेवावा. शीतकपाटात घालू नये.

कॅमेऱ्याच्या अंतरंगात निरनिराळ्या अवयवांच्या निरनिराळ्या तक्रारी असतात. प्रकाशसंवेदकात प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे काही इलेक्ट्रॉन सुटून प्रकाशाचा खोटा आभास निर्माण करतात. हा ‘काळोखी प्रवाह’ दर सहा ते आठ अंशांना दुप्पट होतो, म्हणून तापलेल्या कॅमेऱ्याने घेतलेल्या रात्रीच्या चित्रांत रंगीत ठिपक्यांचा सडा पडलेला दिसतो, आणि याच कारणाने खगोलशास्त्रज्ञ आपल्या दुर्बिणींचे संवेदक शून्याच्या पुष्कळ खाली गार ठेवतात. चलच्चित्रण करताना संवेदक अखंड राबत असल्याने ताप अधिक. कॅनन कंपनीने २०२० साली आणलेल्या आर-५ या नामांकित कॅमेऱ्याने सर्वोच्च दर्जाचे चित्रण सुमारे वीस मिनिटे करता येईल असे कंपनीनेच जाहीर केले होते, आणि तेही तेवीस अंशांच्या हवेत. लोह्यात मे महिन्याच्या पहाटेलाही तो तेवीसचा आकडा सहसा लाभत नाही. पाठीमागचा पडदा अति तापला की काळा पडतो, कारण त्यातील द्रवस्फटिकांची शिस्तबद्ध रचना उष्णतेने मोडते. गार झाल्यावर ती बहुधा पूर्ववत होते, तेव्हा घाबरून दुकान गाठण्याचे कारण नाही. लेन्समध्ये झडपेच्या पात्यांवर वंगण पाझरते, जुन्या लेन्समध्ये भिंगे जोडणारा डिंक ढिला पडू शकतो, पकडीचे रबर सुटून येते. मोठ्या दूरलक्षी लेन्सचे अंग पांढरे का रंगविलेले असते, हा प्रश्न क्रिकेटचा सामना पाहताना पुष्कळांना पडत असेल; त्यातील भिंगे आणि नळी तापून प्रसरण पावली की केंद्रीकरण ढळते, म्हणून ऊन परतविणारा रंग. आपली काळी पिशवी आणि काळा कॅमेरा यांवर एक पांढरी दस्ती टाकली तर तेच तत्त्व चार पैशांत हाती येते. आणि लेन्सवर झाकण ठेवावेच. उघड्या लेन्सचा कॅमेरा सूर्याकडे तोंड करून राहिला तर ती लेन्स उन्हाची शलाका एकवटून आतला पडदा किंवा संवेदक जाळू शकते.

या सर्वांत कणखर निघतात ती मेमरी कार्डे. चांगल्या कंपन्यांची कार्डे पंच्याऐंशी अंशांपर्यंत टिकतील अशी बनविलेली असतात. म्हणजे यंत्र गेले तरी लग्नाची चित्रे सहसा जात नाहीत. तरीही काम आटोपताच कार्ड काढून खिशात ठेवण्याची सवय चांगली, आणि याच न्यायाने सुट्या बॅटऱ्यांनाही खिशाचीच जागा द्यावी, मात्र किल्ल्या-नाण्यांपासून दूर, त्यांच्या झाकणांसह. बाहेर चव्वेचाळीस अंश आणि बंद गाडीत साठ अंश असताना सदतीस अंशांचा मनुष्यदेह हेच आसपासचे थंड ठिकाण ठरते!

सावलीचा हिशेबही आपल्या अक्षांशाला धरून करावा लागतो. लोहा सुमारे एकोणीस अंश उत्तरेस असल्याने मे महिन्याच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो, आणि त्या सुमारास दुपारी भिंतीची, खांबाची सावली नाहीशी होते. अशा दिवशी देवळाच्या कडेला गाडी उभी करून काही साधत नाही; वर छप्पर हवे किंवा दाट वृक्ष हवा. झाडाखाली उभी करताना सावली आज कुठे आहे हे न पाहता आपण परत येऊ तेव्हा ती कुठे असेल हे पाहावे, म्हणजे दुपारनंतर झाडाच्या पूर्वेच्या अंगाला गाडी लावावी. एस.टी.ने जाणाऱ्याने बाजू निवडावी: लोह्याहून नांदेड ईशान्येला पडते, तेव्हा दुपारनंतर तिकडे जाताना उजवीकडची आसने सावलीत राहतात आणि सकाळी डावीकडची. लातूरकडे दुपारनंतर निघालात तर डावीकडे बसावे. मोटार चालवीत असाल तर पश्चिमेचा सूर्य पुढच्या काचेतून थेट डॅशबोर्डवर येणार हे धरून चालावे आणि मोबाइल तेथे लावूच नये. बसमध्ये पिशवी टपाखालच्या फळीवर टाकण्यापेक्षा आसनाखाली बरी, कारण टपाचा पत्रा तापलेला असतो. दुचाकीस्वाराने आसनाखालच्या डिकीत कॅमेरा ठेवणे हा तर शुद्ध अविचार होय. वरून ऊन, खालून इंजिन आणि दोहोंच्या जोडीला हादरे. पाठीवरची पिशवी तेवढी निर्धोक.

गार ठेवण्याचा जो उपाय आमच्या भागात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शास्त्रीय आहे, तो प्रत्येक घराच्या ओसरीवर माठाच्या रूपाने उभा आहे. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना सुमारे चोवीसशे ज्यूल उष्णता बरोबर नेते, आणि मराठवाड्याची वैशाखी हवा इतकी कोरडी असते की हे उडणे येथे फार वेगाने होते. म्हणूनच नांदेडात कूलर गारवा देतो आणि मुंबईत नुसती दमट हवा फिरवितो. कॅमेरा किंवा बॅटऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून त्या डब्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे आणि डबा सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा. वाऱ्यावाचून हा उपाय व्यर्थ, बंद गाडीत तर घातक. यात एक सूक्ष्म लाभ असा की बाष्पीभवनाने वस्तू दवबिंदूच्या खाली कधीच गार होत नाही. त्यामुळे डबा उघडताच लेन्सवर दव धरण्याचे भय नाही. बर्फाचे तसे नाही. थर्मोकोलच्या पेटीत बर्फ घालून त्यावर कॅमेरा ठेवणारा मनुष्य उष्णतेपासून वाचतो आणि पाण्याच्या तावडीत सापडतो, कारण दवबिंदूखाली गेलेल्या काचेवर बाहेरून आणि आतूनही बाष्प जमते आणि ओल राहिली की भिंगावर बुरशी धरते. थर्मोकोलची पेटी मात्र बर्फावाचूनही उपयोगाची आहे. पहाटेच्या गारव्यात सामान भरून ती बंद केली तर दुपारपर्यंत ताप रोखून धरते.

हाच दवाचा विचार प्रदेश बदलला की उलट दिशेने करावा लागतो. लोह्याचा प्रवासी मे महिन्यात वातानुकूलित गाडीतून उतरला तर येथील कोरड्या हवेत त्याची लेन्स बहुधा स्वच्छ राहील. तोच मनुष्य मुंबईला किंवा कोकणात गारगार खोलीतून कॅमेरा घेऊन बाहेर पडला की काचेवर तत्काळ धुके दाटेल, आणि मृगाच्या पावसानंतर आपल्याकडेही तेच होईल. अशा वेळी बाहेर पडण्यापूर्वी कॅमेरा बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास त्याला बाहेरच्या उष्णतेशी समरस होऊ द्यावे. दव पिशवीवर धरते, कॅमेऱ्यावर नाही.

एका गोष्टीवर मात्र कोणताच बंदोबस्त चालत नाही. तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या थरांची घनता क्षणोक्षणी बदलते, प्रकाशकिरण वाकडेतिकडे वळतात, आणि डांबरी रस्त्यावर दिसणारे जे मृगजळ, तेच दूरलक्षी लेन्समध्ये थरथरणारी, पुसट आकृती होऊन येते. हजारो रुपये जास्त मोजले तरी हा दोष जात नाही, कारण तो लेन्समध्ये नसून मधल्या हवेत आहे. कंधारचा खंदक, लिंबोटीचे धरण किंवा गोदेचे पात्र यांची चित्रे घ्यावयाची तर सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा तास यांना पर्याय नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हाच्यासारखी बातमी असली तर वेळ निवडण्याची मुभा वृत्तछायाचित्रकाराला नसते. परंतु हौशी माणसाला ती असते आणि तो ती वापरीत नाही, ही माझी फिर्याद आहे.

ज्यांना ही मुभा खरोखरच नाही ते म्हणजे आपल्या लग्नांतील छायाचित्रकार. मुहूर्त साडेबाराचा, मांडव पत्र्याचा किंवा जाड कापडाचा, वऱ्हाडी हजारभर, वर दिव्यांचा प्रकाश, आणि चाळीस अंशांची मर्यादा छापलेला ड्रोन उंच उडविण्याचा यजमानांचा तगादा. तेव्हा लग्नघरच्या मंडळींस विनंती अशी की, मांडव घालतानाच एका कोपऱ्यात पंख्याखाली, सावलीत, भट्टीपासून आणि आचाऱ्याच्या चुलाण्यापासून दूर एक टेबल आणि विजेची जोडणी त्यांच्या सामानासाठी राखून ठेवावी. ड्रोनचे चित्रण नवरदेवाच्या सकाळच्या मिरवणुकीत उरकून घ्यावे. आणि अक्षता पडल्यावर कॅमेरा दहा मिनिटे बंद ठेवण्यास छायाचित्रकाराने परवानगी मागितली तर त्याला हरकत घेऊ नये.